माळाला कोणते झाड? चीड की फड्या निवडुंग



माण तालुक्यातल्या एका वस्तीवर माझे गेली वीस-बावीस वर्षे जाणे-येणे आहे. घरधन्यांना सारी वस्ती नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हणतो. जमीन बारा एकर, पण विहिरीखाली भिजते ती चार एकर. बाकीचा मुरमाड माळ. दावणीला दोन गाई, एक म्हैस आणि आठ-दहा शेरडे. गेल्या वर्षी वैशाखात नाना आणि वहिनी गावच्या मंडळींबरोबर चारधामला जाऊन आले. येताना गंगेच्या पाण्याची लोटी आणली, प्रसाद आणला, आणि नानांनी पिशवीच्या तळाशी घालून लाकडाच्या फुलासारखी दिसणारी चार बोंडे आणली. उत्तरकाशीच्या आसपास गाडी थांबली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला पडलेली होती. वर पाहिले तर उभ्या दरडीवर सरळसोट झाडे, शंभर-शंभर फूट उंच, आणि बुडाशी माती म्हणावी अशी दिसेना.

बोंडांच्या खवल्यांत पाच-सहा बिया अडकून राहिल्या होत्या. नानांनी त्या पावसाळ्याच्या तोंडाला तेलाच्या रिकाम्या डब्यात लावल्या. दोन उगवल्या, एक जगली. फाल्गुनात मी वस्तीवर गेलो तेव्हा त्यांनी तो डबा माझ्यापुढे आणून ठेवला. वीतभर रोप, हिरव्या दोऱ्यांचा झुपका बांधावा तसे.

"सायेब, ही झाडं तिकडं नुसत्या धोंड्यावर उभी हायती. कुनी पानी घालत न्हाई का खत घालत न्हाई. आपला माळ बी तसलाच. बांधावरचा फडा समदा उद्या जेसीबीनं काडून टाकतो, आन् त्या जागी हीच लावतो. ह्याची रोपं कुटं मिळत्याल?"

जेसीबीचे भाडे ठरलेले होते. मी काही बोलण्याआधीच आतून वहिनी म्हणाल्या, "फडा काडायचा आसंल तर आदी म्हशीला इचारा म्हनावं."

वहिनी असे का म्हणाल्या ते पुढे सांगतो. आधी नानांच्या प्रश्नाचा विचार करू, कारण तो वेडगळ नाही. दोन्ही झाडे उजाड जागी उभी राहतात, दोघांचीही पाने सुईसारखी. मग एकाच्या जागी दुसरे का नको?

नानांनी आणलेले झाड म्हणजे चीड. तिकडे चीर असेही म्हणतात. हिमालयाच्या खालच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर, त्याची मोठी वने आहेत. हा सूचिपर्णी वृक्ष. याला आपल्या आंब्या-चिंचेसारखे फूल येत नाही आणि फळही धरत नाही. नर शंकूतला पिवळा पराग वाऱ्याने उडून मादी शंकूवर पडतो, आणि लाकडासारख्या खवल्यांवर बी उघडेच वाढते. ते पिकायला सुमारे दोन वर्षे लागतात. उन्हाळ्यात खवले उघडतात आणि पंखवाले बी वाऱ्यावर जाते. नानांना सापडली ती बोंडे म्हणजे हे रिकामे झालेले शंकू.

इथे एक घोटाळा दूर करतो. कोकणात समुद्रकाठी सुरूची बने आहेत, आणि पुष्कळांना वाटते की सुरू म्हणजेच तो थंड मुलखातला वृक्ष. तसे नाही. सुरूची जी हिरवी 'पाने' आपण म्हणतो त्या बारीक पेरांच्या काड्या आहेत. खरी पाने त्या पेरांवर खवल्यांएवढी असतात. सुरू फुलझाडांपैकी आहे. चिडाची सुई मात्र खरे पान. तीन-तीन सुया एका झुबक्यात, प्रत्येक वीतभर किंवा त्याहून लांब.

तसाच घोटाळा निवडुंगाच्या बाबतीत आहे, आणि तो जास्त धोक्याचा. आपण शेर, थोर, तीनधारी अशा कितीतरी काटेरी झाडांना सरसकट निवडुंग म्हणतो. पण त्यांना चीक असतो, पांढरा, दुधासारखा. तो डोळ्यांत गेला तर डोळा जायची पाळी येते आणि जनावराला विषारी. फड्या निवडुंग मोडला तर चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येते. चाऱ्याची गोष्ट मी पुढे करणार आहे ती फक्त या बिनचिकाच्या फड्याची. ज्याला दूध येते त्याला गुराच्या तोंडाजवळ नेऊ नये, हे घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवावे.

फड्याचा जो चपटा फडा आपण पान म्हणतो ते पान नव्हे. ते खोड आहे, हिरवे झालेले आणि पाण्याने फुगलेले. पाने म्हणजे त्याचे काटे. म्हणजे पाहा, चिडाने पान बारीक केले, वर मेणाचा लेप दिला, पण पान ठेवले. निवडुंगाने पान टाकून त्याचा काटा केला आणि पानाचे काम खोडाकडे दिले.

खरा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो श्वासात आहे. झाडाच्या अंगावर बारीक छिद्रे असतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतले पाणी वाफ होऊन जाते. चीड इतर बहुतेक झाडांप्रमाणे ही छिद्रे दिवसा उघडतो. ती सुईत खोल बसवलेली असतात आणि फार ऊन झाले की तो ती मिटून घेतो, तरी काम दिवसाचेच. फड्या दिवसभर दारे लावून बसतो. रात्री गारवा झाला की उघडतो, हवा घेतो, तिची आंबट रसाच्या रूपाने साठवण करतो, आणि उजाडले की दारे लावून त्या साठ्यावर दिवसभर उन्हात आपले अन्न शिजवतो. पहाटे तोडलेला फडा म्हणून आंबट असतो आणि सांजेला ती आंबटी उतरलेली असते. परसातल्या पानफुटीचेही असेच आहे. बेंजामिन हाइन नावाच्या, आपल्याकडे दक्षिणेत काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारनंतर बेचव लागते हे चाखून पाहिले, आणि ते १८१५ साली लंडनमध्ये छापून आले. पानफुटीचे पान गुरांना मात्र घालू नये, ते अपायकारक आहे.

या रात्रपाळीचा हिशेब असा. एक किलो सुका माल तयार करायला दिवसा श्वास घेणाऱ्या झाडांना काही शे लिटर पाणी लागते. ज्वारी त्यात काटकसरी, तरी तिला तीनशे लिटरच्या आसपास. फड्याचे काम पन्नास ते शंभर लिटरांत भागते. त्याची मुळेही उथळ, वीतभर खोलीत चौफेर पसरलेली. वळवाचा एक सडाका आला, जमिनीचा वरचा पापुद्रा भिजला, की थोड्या दिवसांत बारीक मुळ्या फुटून ते पाणी फड्यात जाऊन बसते. चिडाचे रोप सुरुवातीपासून मूळ खोल घालते, खडकाच्या भेगेत शिरून आतली ओल शोधते.

आता ती ओल कोठून येते? नानांना धोंडा दिसला, पण धोंड्याच्या पोटातले पाणी दिसले नाही. चिडाच्या त्या मुलखात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कित्येक ठिकाणी त्याच्याही पुष्कळ वर. शिवाय थंडीतही पाऊस येतो. आपल्या माणात पाचशेच्या आत-बाहेर, तोही लहरी, आणि दिवाळीनंतर ज्येष्ठापर्यंत बहुधा कोरडे आभाळ. दुसरी गोष्ट मातीतली. चिडाच्या बारीक मुळांवर एक बुरशी वाढते. ती मुळांना पाणी व स्फुरद मिळवून देते आणि झाड तिला साखर देते. चिडाच्या वनात ती मातीतच असते. नवीन ठिकाणी रोपवाटिका करताना म्हणून जुन्या वनातली माती आणून मिसळतात. नानांच्या तेलाच्या डब्यात ती कोठून असणार?

त्यांना मी म्हणालो, "नाना, घरापुढं पाणी घातलंत तर एखादं रोप जगेलही. माळावर सोडलंत तर दुसरा उन्हाळा बघायचं नाही."

नाना गप्प बसले. मग म्हणाले, "पर सायेब, झाड लई देखणं हो."

देखणे आहेच. उपयोगीही आहे. चिडाच्या खोडाला खाच पाडून चिकट राळ काढतात, तिला तिकडे लिसा म्हणतात. ती उकळून टर्पेंटाइन आणि बिरोजा निघतो. आपण बैलगाडीला रंग देताना टर्पेंटाइन घालतो त्याचे मूळ अशा झाडांत. पण गुरे पाळणाऱ्या घराला चीड काय देतो, ते तिथल्या बायकांना विचारावे. त्याच्या वाळक्या सुयांना ते पिरूळ म्हणतात. उन्हाळ्यात वनात पिरुळाचा जाड थर साचतो, त्यावरून पाय घसरतो, खाली गवत नीट येत नाही. सुईत राळ असल्याने ठिणगी पडायचा अवकाश, डोंगरच्या डोंगर पेटतात. मोठ्या चिडाची साल जाड, तो वाचतो, बाकीचे जळते. गुरे सुईला तोंड लावत नाहीत. पिरूळ गोठ्यात अंथरायला नेतात, त्याच्या जळणाच्या कांड्या पाडण्याचे, वीज करण्याचेही प्रयत्न उत्तराखंडात झाले आहेत. परंतु डोंगरातली बाई विळा घेऊन निघते ती बांजाच्या पाल्यासाठी, कारण बांज हा चाऱ्याचा वृक्ष. चीड उंच उभा असतो आणि म्हैस उपाशी असते, अशी तिथली गाऱ्हाणी आहेत.

इथे वहिनींच्या म्हशीकडे येतो.

२००३ च्या दुष्काळात मी या भागात नवा होतो. कडबा संपलेला, बाजारात पेंडीचा भाव परवडेना. मी वस्तीवर जाऊन सांगितले की बांधावरचा फडा भाजून घाला, म्हैस जगेल. पुस्तकात वाचले होते, ते बरोबरही होते, पण अर्धेच. किती घालायचा आणि कशाबरोबर घालायचा हे मी सांगितले नाही. नानांनी पहिल्याच दिवशी दोन पाट्या फडा घातला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हशीला पाण्यासारखी हगवण, डोळे खोल गेलेले. नानांच्या आई, आक्का, तेव्हा हयात होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाबा, मानसाला नुसतं कलिंगड घातलं तर त्याचं बी आसंच व्हईल. कडबा संगं नगं का?" त्यांनी शेजारून दोन पेंढ्या उसन्या आणल्या, कुट्टी केली, फड्याचे बारीक तुकडे त्यात कालवले, आणि म्हैस पाच-सहा दिवसांत सावरली. शिकून आलेला मी, आणि पथ्य सांगितले आक्कांनी. तेव्हापासून फड्याचा सल्ला देताना मी आधी कडबा किती आहे ते विचारतो.

ती म्हैस त्या वर्षी जगली. २०१९ च्या उन्हाळ्यात माणात चाऱ्याच्या छावण्या लागल्या, तेव्हा नानांच्या गाई छावणीत होत्या, पण शेरडे आणि एक गाभण म्हैस घरीच फड्यावर आणि कुट्टीवर काढली. म्हणून वहिनींचे ते बोलणे.

फडा चारण्याची रीत नीट लक्षात घ्यावी. ताज्या फड्यात शंभर किलोमागे ८५ ते ९० किलो पाणीच असते. म्हणजे वीस किलो फडा घातला तर सतरा-अठरा लिटर पाणी त्यातूनच पोटात जाते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हा हिशेब लहान नाही. मात्र जे सुके उरते त्यात प्रथिने थोडी, शेकडा चार ते सहा. चुना भरपूर, स्फुरद कमी. एकटा फडा घातला की पोट सैल होते. म्हणून आधी जनावराला थोडा कडबा किंवा भुसा खाऊ द्यावा, मग फड्याचे तुकडे कुट्टीत मिसळून द्यावेत. मोठ्या जनावराला पहिल्या दिवशी दोन-तीन किलो, मग दहा-बारा दिवसांत वाढवत पंधरा-वीस किलोंपर्यंत. शेळीला एक-दोन किलो पुरे. जोडीला थोडी सरकी पेंड, ती नसेल तर शेवरीचा किंवा सुबाभळीचा पाला. शेण पातळ दिसले की फडा निम्मा करावा आणि कडबा वाढवावा. तरीही पोट थांबले नाही तर वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

काटे जाळल्याशिवाय कधीही घालू नये. मोठा काटा दिसतो, पण त्याच्या बुडाशी केसांसारखी बारीक कुसळे असतात ती जास्त वाईट. जिभेत, हिरड्यांत रुततात आणि जनावर खाणेच सोडते. फडा चिमट्यात धरून दोन्ही अंगांनी आणि कडेनेही जाळावर फिरवावा, कुसळे चरचरली पाहिजेत. पोरे लाल बोंडे खातात त्यांनाही हेच सांगावे. बोंड मातीत घोळून मग सोलावे. जीभ लाल होते ती काही बिघाडाने नव्हे, बोंडाचा रंगच तसा.

ज्यांना हा जाळण्याचा व्याप नको त्यांच्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात त्याचे वाण परदेशातून आणले. उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने आणि झांशीच्या चारा संशोधन संस्थेनेही त्यावर काम केले आहे. लावायचा तर पाण्याखालची जमीन अडवू नये, मुरमाड पट्टी त्यालाच द्यावी. पाणी साचते तिथे तो कुजतो. निरोगी फडा सांध्यावर कापून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवावा, कापलेली जागा सुकून खपली धरली की तिसरा हिस्सा ते निम्मा मातीत उभा पुरावा. पुरल्यावर लगेच पाण्याचा मारा करू नये. एक-दोन वर्षांनी तोडणी सुरू होते, बुडाचे फडे ठेवून वरचे घ्यावेत. आणि कुंपण घालावे. बिनकाट्याच्या झाडाला रखवाली नसते, शेरडे एका दुपारी फस्त करतात.

फड्यावर पांढरे कापसाचे ठिपके दिसले तर चिमटीत चिरडून पाहावे. बोटे रक्तासारखी लाल झाली तर तो किरमिजी किडा. या किड्याची गोष्ट मोठी आहे. निवडुंग मूळचा अमेरिका खंडाचा, आपल्या मिरची-टोमॅटोसारखा. किड्यापासून तांबडा रंग निघतो, त्या लोभाने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, तो हिंदुस्थानात आणला गेला. आला तो भलत्याच जातीचा. रंग काही हाती लागला नाही, पण त्याने निवडुंगाची एक जात मात्र मुलखातून जवळजवळ खाऊन टाकली. पुढे १९२६ च्या सुमारास दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम सोडून दक्षिणेतला माजलेला निवडुंग आटोक्यात आणला. आपल्या लावणीवर तो आला तर लागलेले फडे काढून पुरून टाकावेत आणि बाकीच्यांवर साबणाच्या पाण्याचा जोराचा फवारा मारावा.

राहिला नानांचा जेसीबी. हे मी त्यांना सगळ्यात आधी सांगितले. फडा यंत्राने उपटला की त्याचे शंभर तुकडे होतात, आणि मातीला टेकलेला प्रत्येक तुकडा मूळ धरतो. पाऊस पडला की एका बांधाचे दहा बांध. काढायचा तेवढाच हाताने काढावा, तुकडे वेचून वाळवून जाळावेत, ओढ्यात किंवा गायरानात फेकू नयेत. तिथून तो दुसऱ्याच्या रानात जातो आणि भांडणे होतात. पिकाच्या तासाला लागून असेल तिथला काढावाच, कारण उथळ मुळांनी तो वरची ओल ओढतो.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. वाटेवर गाडी अडवणारा एवढाच फडा नानांनी आधी कोयत्याने तोडून बाजूला घेतला होता. भाडे फुकट जाऊ नये म्हणून यंत्राकडून विहिरीकडचा बुजलेला चर साफ करून घेतला. माळाकडच्या दोन बांधांवरचा फडा जागेवर आहे. त्याच्या आतल्या बाजूला या पावसाळ्यात बिनकाट्याची एक ओळ लावायची ठरली आहे. वहिनींनी जागा दाखवली आणि फडा भाजायची चूल कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कोठे मांडायची तेही ठरवून टाकले.

चिडाचा डबा नातीने न्हाणीजवळ, आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवला आहे. पाऊस पडल्यावर तो कुंडीत लावायचा की जमिनीत, असे तिने मला विचारले. मी म्हणालो, कुंडीत.